बुधवारची पंगत

ईशा आणि नील,

कुंदा म्हात्रे तुमची आजी नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ होणार नाही.

गेल्या रविवारी फोनवर नील सांगत होता, की त्याच्या शाळेत भोंगा वाजवून सगळ्यांना मैदानात नेलं. आग लागली तर काय करायचं, त्याची तालीम. बाकीची मुलं ढकलाढकली करत होती, आणि याने मात्र आपल्या डाव्या-उजव्या बाजूला कोण उभं आहे ते बघून ठेवलं. "कुंदाआजीचा रूल आहे तो," नील म्हणाला. "शेजारी कोण ते लक्षात ठेवायचं. बाकी विसरलं तरी चालतं."

"बरं," मी म्हटलं. "आणि माझा रूल कोणता?"

नीलने तोच प्रश्न ईशाला विचारला. मागून ईशा ओरडली, "चपला जोडीने ठेवायच्या!"

चपला जोडीनेच ठेवाव्यात, यात माझं मत बदललेलं नाही. पण त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. जिला तुम्ही उभ्या आयुष्यात एकदा पाहिलंत, तेही ईशा जेमतेम बोलायला लागली होती आणि नील कडेवर होता तेव्हा, तिला तुम्ही आजी म्हणता. तर ती कोण होती ते मी सांगते. तुमची आई सांगते त्यात ती देवी होते. हे सगळं तुम्हाला तीच वाचून दाखवणार, म्हणून तिला एक सूचना: मधले परिच्छेद गाळायचे नाहीत.

अलिबागहून मांडव्याकडे जाताना समुद्राच्या बाजूला विद्यापीठाचं एक लहान उपकेंद्र होतं. मी तिथे उपकुलसचिव होते. म्हणजे शिकवणं सोडून उरलेलं सगळं माझ्याकडे: प्रवेश, परीक्षा, नळ, दिवे, रखवालदार. संकुलाच्या पश्चिमेला एक भिंत, भिंतीपलीकडे कोळ्यांची जेट्टी आणि जेट्टीला लागून बर्फाचा कारखाना. बोटी मासळीसाठी तिथून बर्फ भरून घ्यायच्या. आम्हाला त्या कारखान्याची फक्त घरघर ऐकू यायची आणि काही दिवसांनी तीही ऐकू येईनाशी झाली.

कुंदा राज्यशास्त्र शिकवायची आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मूळची पेणकडची, मिठागरवाल्या आगरी घरातली. वडिलांचे ट्रक झाले, भावांचा धंदा झाला, ही पीएच.डी. झाली. उंच, रुंद खांद्यांची, साडी नेहमी अर्धी वीत वर, पायात पुरुषी सँडल. आवाज असा, की तिच्या वर्गाशेजारी कोणी वर्ग घेत नसे. ती एरवी शुद्ध बोलायची, पण घाई झाली किंवा राग आला की मिठागर बाहेर पडायचं. छत्र्या हरवायची. चाव्या विसरायची. बैठकीला उशिरा यायची आणि दारातूनच बोलायला लागायची. तिच्या टेबलावर उत्तरपत्रिका, सुकट आणि कुणाचं तरी शिवायला आलेलं ब्लाऊज एकत्र असायचं. समोर मी तिला मिस म्हात्रे म्हणायची. ती मला मॅडम म्हणायची, पण अशा सुरात, की जणू ते माझं लाडाचं नाव आहे.

माझ्या टेबलावर काय असायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. अजूनही तसंच असतं.

एका वर्षी वरून पत्र आलं, की प्रत्येक संकुलाने आपत्तीसाठी आराखडा तयार करावा. बहुतेक ठिकाणी असं पत्र आलं की दुसऱ्या कॉलेजचा आराखडा मागवतात आणि नाव बदलतात. मी तसं केलं नाही. मी संकुल पायी फिरले. कुठलं दार कुठे उघडतं, कुठला जिना अरुंद आहे, कुठे गर्दी अडकेल, सगळं पाहिलं. आणि मी एक गोष्ट केली जी इतर कुणाला सुचली नव्हती. गच्चीवर बावटा लावला, कोळी होडीवर लावतात तसा. कारण भिंतीपलीकडे बर्फाचा कारखाना होता, बर्फ अमोनियाने गोठवतात आणि अमोनिया सुटला तर तो वाऱ्याबरोबर जातो. म्हणून माझ्या आराखड्यात जमण्याच्या जागा दोन होत्या. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. बावटा बघायचा आणि त्याप्रमाणे एकतर देवळाच्या माळावर जायचं, नाहीतर उत्तरेच्या सुरूच्या बनात. वाऱ्याबरोबर पळायचं नाही, वाऱ्याला आडवं निघायचं. हे सगळं मी दोन भाषांत टंकून, नकाशे जोडून, बांधून घेतलं. कुंदाने तो ग्रंथ हातात घेऊन वजन केल्यासारखा वरखाली केला.

"मॅडम, छान झालंय. पण वास आल्यावर हे वाचायचं, का आधी?"

बैठकीतले सगळे हसले. मीही हसले. हसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिली तालीम मी घेतली. घंटा वाजवली. मुलं फिरायला निघाल्यासारखी बाहेर आली. निम्मी बाहेर आली, तीही कँटीनवरून. मी बोलायचा भोंगा तोंडाला लावून वर्गवार हजेरी घेतली. प्रत्येक नावाला कुठून तरी "येस मॅडम" येत होतं. कागदावर सगळं संकुल सुरूच्या बनात उभं होतं आणि समोर मोकळी झाडं दिसत होती. आमच्याकडे त्याला प्रॉक्सी म्हणतात. मित्र वर्गात नसेल तर त्याच्या नावाला आपण ओ द्यायची. विद्यार्थ्यांमध्ये ही मोठी मैत्रीची खूण. घर पेटलं तरी ते ही खूण पाळतील असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि मी तसं प्राध्यापकांना बोललेही होते.

कुंदाने त्यावर काय केलं? तिने मेसमधली टेबलं भिंतीला लावून ठेवली.

ती टेबलं मी आणवली होती. तीन वर्षं पत्रव्यवहार करून, पाठपुरावा करून. वर पांढरी फळी, पुसायला सोपी. एका बुधवारी मी दुपारी मेसमध्ये गेले तर सगळी टेबलं उभी करून एकमेकांवर टेकवलेली आणि मुलंमुली जमिनीवर चटयांवर, समोरासमोर रांगा करून बसलेली. समोर पत्रावळी. आणि ही हातात वरणाची बादली घेऊन रांगांमधून चाललेली.

"मिस म्हात्रे, हे काय?"

"पंगत."

"ते दिसतंय. का?"

"मॅडम, हजेरीत मानूस हजर बोलतो नि जातो. पंगतीत ते जमत न्हाय. पंगतीत बसलेला उठला तर दोन्हीकडचे ओरडतात." मग माझा चेहरा बघून शुद्ध बोलायला लागली. "आमच्याकडे लग्नात पाचशे पानं उठतात. कुणी नावं वाचतं का? मोकळं पान दिसलं की वाढणारा विचारतो, इथलं कोण? शेजारचा सांगतो, आमचा मामा, हात धुवायला गेलाय. संपलं. आणि त्या पानावर दुसरा कुणी बसत नाही. उपाशी राहील, पण बसणार नाही."

तिचं म्हणणं असं, की दर बुधवारी प्रत्येकाने त्याच जागी, त्याच दोघांच्या मध्ये बसायचं. आलं नाही कुणी तरी पान मांडायचं आणि जागा सोडायची. आणि रोज कुठेही, जिन्यात, वर्गात, बसथांब्यावर, ती कुणालाही अचानक विचारायची, "शेजारी कोण?" पोराने दोन नावं सांगायची. नाही सांगता आली तर पुढच्या बुधवारी बादली त्याच्या हातात.

मी लेखी हरकत घेतली. टेबलांचं नुकसान होईल, असं लिहिलं. खरं तर माझ्या तालमीला जी मुलं रडतखडत यायची ती बुधवारी धावत येत होती, हे मला बघवत नव्हतं. आणि धावत येणाऱ्यांत तुमची आई होती. ती तेव्हा तिथेच बी.ए. करत होती. आम्ही संकुलातच क्वार्टरमध्ये राहायचो, घरात गरम जेवण तयार असायचं. तरी बुधवारी गौरीबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन मेसमध्ये.

"घरी जेवायला काय होतं?" मी विचारलं.

"आई, माझं पान मोकळं राहील ना."

तिची जागा वसतिगृहातल्या शमीम आणि वैशाली या दोन मैत्रिणींच्या मध्ये होती. शमीम म्हणजे तुमची शमीममावशी, दिघीची.

मग विद्यापीठाची पाहणी समिती आली. मी त्यांना माझा आराखडा दाखवला, बावटा दाखवला, नकाशे दाखवले. समितीच्या अध्यक्षांनी "वा, वा" म्हटलं आणि घड्याळ बघितलं. नेमका बुधवार होता. मेसमध्ये गेल्यावर कुंदा त्यांच्यावर ओरडली, "सर, तिथं नको, ते पान वैशालीच्या भावाचं हाय, इकडं बसा!" आणि ते गृहस्थ, कोट घातलेले, लहान मुलासारखे सरकून बसले. दोनदा भात घेतला. वाऱ्याने पत्रावळी उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर काहीतरी जड ठेवलं होतं. तो माझा आराखडा होता. अहवालात त्यांनी 'स्थानिक परंपरेवर आधारित अभिनव पंगत पद्धत' असं लिहिलं आणि दोन परिच्छेद लिहिले. बावट्याबद्दल अर्धं वाक्य होतं. त्या अर्ध्या वाक्यातही बावट्याचा रंग चुकीचा होता.

कुंदा अहवाल वाचून म्हणाली, "मॅडम, तुमचा बावटा राहिला की हो. मी पत्र लिहू का त्यांना?"

ती खरंच लिहिणार होती. हेच तिचं वाईट होतं. तिचा राग करायला ती कधी धड जागा देत नसे.

आता तो दिवस. तुमच्या आईने तुम्हाला तो सांगितला आहे, पण तिला त्यातला शेवट तेवढा माहीत आहे, कारण सुरुवातीला ती तिथे नव्हती.

दुपारची जेवणं आटोपली होती. मी ऑफिसात होते. आधी डोळे चुरचुरले. मग तो वास आला. मुताऱ्यांचा असतो तसा, पण शंभरपट, नाकात सुई घातल्यासारखा. कुंदा दारातून ओरडली, "मॅडम, कुनी तरी गटार उघडलंय वाटतं!" तेव्हा तिला कळलं नव्हतं, मला कळलं होतं. हे लिहून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही. मी गच्चीकडे पाहिलं. बावटा समुद्राकडून सरळ आमच्या अंगावर फडफडत होता. मी घंटा वाजवायला लावली आणि भोंगा घेऊन बाहेर आले.

पोरं मुख्य फाटकाकडे धावत होती. फाटक पूर्वेला, म्हणजे वारा जिकडे चाललेला त्याच दिशेला. मी भोंग्यातून ओरडत राहिले: "फाटकाकडे नाही! सुरूच्या बनात! रुमाल ओले करा, नाकावर धरा!" माझा आवाज कुंदासारखा नाही. पण त्या दिवशी तो पुरला. फाटकाशी पोचलेली पोरं वळली आणि उत्तरेला गेली. पलीकडच्या रस्त्यावर जे लोक वाऱ्याबरोबर पळाले, त्यांच्यातल्या काहींना नंतर दवाखान्यात न्यावं लागलं. वळलेल्या आमच्या पोरांतल्या एकालाही नाही. हे काम माझ्या बावट्याने केलं. पंगतीने नाही.

बनात पोचल्यावर मी नियमाप्रमाणे हजेरी घेतली. वर्गवार, भोंग्यातून. पोरं खोकत होती, रडत होती, पण ओ देत होती. तुमच्या आईच्या वर्गाचं पान आलं. मी तिचं नाव वाचलं. गर्दीतून आवाज आला, "येस मॅडम." मी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं.

सगळी नावं झाली. सगळे हजर. मी यादी मिटली आणि खाली बसले.

तेवढ्यात पलीकडून कुंदाचा आवाज आला. तिला भोंगा लागत नसे. "बुधवारसारखे बसा गो! बसा रे! बुधवारसारखे!" आणि ती सगळी पोरं, डोळे चोळत, सुरूच्या काड्यांवर खाली बसली, आपापल्या शेजाऱ्याला हाका मारत. रांगा झाल्या. कुंदा रांगांमधून चालायला लागली, हातात बादली असल्यासारखी, किंचित वाकून. आणि एका जागी थांबली.

शमीम बसली होती. वैशाली बसली होती. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती. कुणी ती दाबली नव्हती.

"इथलं कोन?"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"इथलं कोन गो?"

शमीमने तोंडावर हात दाबला. "बाई, मी... माझ्या तोंडून निघून गेलं. नाव ऐकलं आणि निघून गेलं. रोजच्यासारखं."

तिने ओ दिली होती. रोज देते तशी. गौरीला उशीर झाला की शमीम, शमीमला झाला की गौरी. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. नाव कानावर पडलं आणि जिभेने आपलं काम केलं. आणि मी, जिने त्या मुलीला बोलायला शिकवलं होतं, ते 'येस मॅडम' खरं मानलं.

वैशालीने सांगितलं, तुमची आई भाषा-प्रयोगशाळेत होती. तिथे इंग्रजी उच्चारांच्या सरावासाठी आवाजबंद खोली होती. कानाला हेडफोन लावून ती बसली होती. घंटा आत पोचलीच नाही.

मी उठले. मी धावणारच होते. माझ्या आराखड्यात स्पष्ट लिहिलं होतं, की बाहेर आलेल्याने परत आत जायचं नाही, आणि तो नियम माझ्याच हाताने लिहिलेला होता, पण मी धावणारच होते. कुंदाने माझा दंड धरला. इतका घट्ट, की पुढे कितीतरी दिवस तिथे निळं होतं.

"तुमी भोंगा सोडायचा न्हाय."

"ती माझी मुलगी आहे!"

"व्हय. पन ही सगळी तुमच्याकडं बघतायत. तुमी गेलात की ही सगळी तुमच्या मागून येतील." आणि मग, शांतपणे, पुस्तकातल्यासारखं, "मॅडम, वारा तुम्हाला कळतो. मला कळत नाही. वारा फिरला तर यांना कुठे न्यायचं ते मला सांगता येणार नाही."

तिने शमीमची ओढणी बनाच्या कडेच्या नळाखाली भिजवून तोंडाला गुंडाळली आणि निघाली. तिच्या त्या पुरुषी सँडलांत, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. मी उभी राहिले. भोंगा हातात, डोळे बावट्यावर. माझ्या मुलीकडे दुसरी बाई धावत गेली आणि मी एका कापडाच्या तुकड्याकडे बघत उभी राहिले, कारण तिने मला सांगितलं होतं, आणि कारण ते बरोबर होतं.

नंतर अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्याने मला सांगितलं, की बंद खोलीत मुलगी तशी बऱ्यापैकी सुरक्षित होती. मला ते वाक्य फार आवडलं असतं. मी ते कुंदाला नक्की ऐकवलं असतं. पण तोपर्यंत तुमची आई खोलीत राहिली नव्हती. तिला तहान लागली, दार उघडून बाहेर आली, डोळे मिटले ते उघडेनात, आणि भिंतीला हात लावत लावत ती जिना उतरायला लागली. पश्चिमेच्या दाराकडे. जेट्टीच्या बाजूच्या. कुंदाला ती जिन्यात भेटली. तुमची आई सांगते, की काही दिसत नव्हतं, फक्त आवाज आला, "शेजारी कोन?" आणि ती म्हणाली, "शमीम, वैशाली." मग एका हाताने तिचं मनगट पकडलं.

त्या दोघी बनात आल्या तेव्हा तुमच्या आईने डोळे उघडले नव्हते. मी जाऊन तिला मिठी मारली. तिने चाचपून बघितलं आणि विचारलं, "बाई कुठे आहेत?"

हे मी इथे लिहिलं आहे. गौरी, वाचताना थांबू नकोस. पुढे वाच.

कारखान्याच्या मालकाने नंतर यंत्रं बदलली. माझ्या बावट्याचं पुढे सगळ्या संकुलांनी अनुकरण केलं, असं म्हणतात. कुणी मला कळवलं नाही. लोक भेटले की म्हणायचे, "त्या म्हात्रेबाई काय धीराच्या हो!" आणि मग आवाज खाली आणून, "तुमच्या मुलीच्या नावाला तुमच्यासमोर ओ दिली म्हणे दुसरीने?" कुंदाने ते कधीही बोलून दाखवलं नाही. एकदा तरी दाखवायला हवं होतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

तिला खोकला लागला तो कायमचा. दर वाक्याच्या मध्ये, घसा खरवडल्यासारखा. तुमचे आजोबा म्हणायचे, बिचारी. मला वाटायचं, ती तो मिरवते. पदक छातीवर लावतात, हिने घशात लावलं होतं. तो खोकला ऐकला की तुमची आई ताटावरून उठायची आणि पाणी घेऊन जायची. मलाही अधूनमधून सर्दी व्हायची. कुणी उठलेलं आठवत नाही.

तुमच्या आईच्या लग्नात मी केटरर ठरवला होता, उभ्याने जेवायचं, सुटसुटीत. मांडवाच्या मागच्या अंगाला कुंदाने तिच्या जुन्या पोरांची पंगत बसवली. नवरीही शालू सावरत तिथे जाऊन मांडी घालून बसली. शमीम एका बाजूला, वैशाली दुसऱ्या. मी बोलवायला गेले तर कुंदा म्हणाली, "मॅडम, बसा ना, एक पान मोकळं हाय." मी म्हटलं, "मला पाहुणे बघायचे आहेत." माझ्यासाठी ते मांडलं होतं की तिथे नेहमीच एक जास्तीचं असायचं, ते मी विचारलं नाही.

ती गेली त्यालाही आता काही पावसाळे झाले. शेवटच्या दुखण्यात मी तिला भेटू शकले नाही. आजोबा तेव्हा स्वतः आजारी होते. त्यामुळे मी तिला शेवटची पाहिली ती तुम्ही पाहिलीत त्याच दिवशी. मांडव्याच्या जेट्टीवर.

तुम्ही परत निघाला होता. बोटीने गेटवे, तिथून विमानतळ. मी सगळं ठरवलं होतं. सामानावर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मी कुंदाला बोलावलं नव्हतं. आम्ही पोचलो तर ती जेट्टीवर आधीच उभी, जी कधी वेळेवर आली नाही ती, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा. विमानात भाकऱ्या कोण खातं? तुमच्या आईने खाल्ल्या, मला फोनवर सांगितलं तिने.

बोट लागली. तुम्ही सगळे चढलात. कुंदा कठड्याला टेकून ओरडली, "गौरी! शेजारी कोन?" तुमची आई बोटीतून ओरडली, "ईशा, नील!" "ईशा! शेजारी कोन?" ईशाला कुणी शिकवलं होतं देव जाणे, तिने बोबडं उत्तर दिलं, "आई, बाबा!" आजूबाजूचे लोक हसत होते. बोट सुटली. तुमची आई हात हलवत होती. दोन म्हाताऱ्या बाया शेजारी शेजारी उभ्या असल्या तर बोटीतून हलवलेला हात नक्की कुणासाठी आहे ते कळत नाही. मी बराच प्रयत्न केला.

बोट लहान झाली. कुंदा खोकली, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"मॅडम, शेजारी कोण?"

"पुरे आता," मी म्हटलं.

"सांगा की. न्हाय तर बादली देईन हातात."

मी तिच्याकडे बघितलं. तिचे केस पूर्ण पांढरे झाले होते आणि गळ्याच्या शिरा दिसत होत्या. इतक्या वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नव्हती.

"कुंदा," मी म्हटलं.

"हां," ती म्हणाली. जणू वर्गात कुणीतरी बऱ्याच दिवसांनी बरोबर उत्तर दिलं होतं. "मग चला. ऊन तापलं."

ती पुढे निघाली, तिच्या नेहमीच्या घाईत. मी मागे. जेट्टीच्या टोकाला अलिबागला जाणारी सहा आसनी रिक्षा उभी होती, भरत आलेली. मी पोचायच्या आत कुंदा आत बसली होती. तिने आपल्या शेजारी सीटवर तळहात पसरून ठेवला होता. एक माणूस पिशवी घेऊन तिथे बसायला वाकला.

"तिथं न्हाय," ती त्याच्यावर खेकसली. "तिथलं मानूस येतंय."

माझ्यासाठी म्हणूनच ठेवली होती का ती जागा? कुणासाठीही ठेवली असती तिने. मी छत्री उघडली होती, ती मिटायला लागले. घडी नीट बसवली, पट्टी गुंडाळली, बटण लावलं. रिक्षावाला भोंगा वाजवायला लागला. आतले लोक कुरकुरायला लागले. मला तिला थोडं थांबायला लावायचं होतं.

ती थांबली. हात तसाच, सीटवर.